हौदातलं धरण

"उचला भंडारा," वैनी म्हणाली.

पितळी ताटलीत खंडोबाचा भंडारा होता आणि त्यावर बेलाचं पान. ताटली धरलेला हात इतका वाळला होता, की हातातली बांगडी घसरून कोपराशी जाऊन बसली होती. मी हसून वेळ मारून न्यायला बघितलं.

"वैनी, चार माशांसाठी देवाला कशाला मधे घालायचं?"

"तुमच्या एकट्याच्या शब्दावर मी उष्टं खरकटंसुद्धा टाकणार न्हाई, भावजी. उचला."

चुलीपुढून माझी बायको कौसा म्हणाली, "उचला की! तुम्ही सूर्य उगवला म्हणालात तरी लोक अंगणात येऊन बघून जातात."

ते खरंच होतं. मी भिवा नगरे, चौतीस वर्षं कालव्यावर पाटकरी. दारं उघडायची, दारं मिटायची आणि मधल्या वेळात लोकांना गोष्टी सांगायच्या. मगरीच्या पाठीवर बसून मी कालवा ओलांडला, ही माझीच गोष्ट. दरवाज्याला भोक पडलं तेव्हा तिथं पाठ लावून रात्रभर पाणी अडवलं, हीपण माझीच. शेलवणात कुणी फार लांबवायला लागला की लोक म्हणतात, 'भिवानं पाणी सोडलं.' ऐकायला सगळे येत, विश्वास कुणी ठेवत नसे. ठेवणारा एकच होता, माझा थोरला भाऊ खंडू. आणि त्याला धरणानं ठेवून घेतलं होतं, त्या गोष्टीला तेव्हा तेरा वर्षं झाली होती.

आम्ही भोई. आमच्यात एक रीत आहे. पाण्यानं माणूस घेतलं आणि अंग परत दिलं नाही, तर त्या घरानं त्या पाण्याचा मासा खायचा नाही. का, ते कुणी बोलून दाखवत नाही. मासा काय खाऊन वाढतो हे भोयाला सांगायला लागत नाही. मी ही रीत वर्षभर कडक पाळली. मग हायवेच्या एका हॉटेलात खाल्ला. वेटर म्हणाला, समुद्राचा आहे. मी म्हटलं, असेल. वैनीनं मात्र, बाजारातला मासा कुठल्या पाण्याचा कोण जाणे म्हणून, तेरा वर्षं मासाच ओठाला लावला नाही. खंडूचं अंग सापडलं नाही म्हणून बांगड्याही फोडू दिल्या नाहीत. लोक बोलायचे ते बोलले आणि दमले.

त्या साली तिला टीबी झाला. तालुक्याच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "गोळ्या त्यांचं काम करतील हो, पण अंगात काही गेलं तर! एकतीस किलो वजन आहे बाईचं. अंडी द्या, मटण द्या, मासे द्या." अंड्यानं तिला उमळून यायचं. मटणाच्या वासानं ती पदर नाकाला लावून उठायची. भोयाच्या पोटी जन्मलेली बाई, तिच्या जिभेला एकच चव ठाऊक, आणि त्याच चवीला तिनं दार लावलेलं.

त्याच दिवसांत मत्स्यखात्याचे एक साहेब ग्रामपंचायतीत येऊन, घरच्या हौदात चिलापी कशी वाढवायची ते सांगून गेले. चार फूट खोल हौद, बोअरचं पाणी, कोंडा आणि पेंड. चार-पाच महिन्यांत तळहाताएवढा मासा. मी वैनीपुढं जाऊन उकिडवा बसलो.

"वैनी, धरणाचा मासा नको ना तुम्हाला? ठीक आहे. ज्यानं धरण बघितलेलंच न्हाई, असा मासा मी घरात वाढवून देतो."

तिनं खोकला पदरात दाबला.

"पाणी?"

"बोअरचं."

"बी?"

"सरकारी केंद्रातलं. तालुक्याच्या पार पलीकडं. त्या माशांच्या आज्यानं पण आपलं धरण बघितलेलं नसणार."

"धरणाचा थेंब नको, भावजी. धरणाचं पिल्लू तर नकोच नको."

आमचा बोअर धरणापासून तीनशे पावलांवर आहे. तीनशे फूट खाली ते पाणी कुणाचं, हा प्रश्न मी मनातल्या मनात दाबला आणि भंडारा उचलला. तेव्हा माझ्या मनात पाप नव्हतं, एवढं लिहून ठेवतो.

गोठ्याशेजारी हौद बांधला. नव्या सिमेंटला चुन्याची धार असते, तिनं बीज मरतं. म्हणून केळीचे खुंट चिरून पाण्यात टाकले, दोनदा पाणी बदललं. वैनी दारात पोतं टाकून बसायची आणि सगळं बघायची. तिला काय वाटत होतं कोण जाणे, पण मी पाण्याची बादली बोअरकडून आणतो की धरणाकडून, हे ती माझ्या चपलेच्या चिखलावरून ओळखत असणार.

होळी झाल्यावर मी बीज आणायला गेलो. केंद्रातल्या माणसानं फुगवलेली प्लास्टिकची पिशवी हातात दिली. आत पाणी, वर हवा, आणि पाण्यात नखाएवढे पाचशे जीव.

"सगळे नर आहेत," तो म्हणाला. "मादी असली की ती पिल्लं काढत बसते, हौद भरून जातो आणि मासा मोठा होत नाही. म्हणून आम्ही नरच करून देतो. सहा तासांत सोडा, आणि काय वाट्टेल ते झालं तरी उन्हात ठेवू नका."

एसटीनं फाट्यावर उतरलो तेव्हा अकरा वाजले होते. गावचा टेम्पो यायला वेळ होता. सुदामच्या टपरीवर पाच-सहा जण बसलेले.

"या भिवातात्या! पिशवीत काय, मगरीची अंडी?"

"अंडी न्हाईत. मगर आता बाजारात मिळत न्हाई, म्हणून हे."

"मगरीचं सांगा की, तात्या. हे पाव्हणे नवीन आहेत, त्यांनी ऐकलं न्हाई."

मी पिशवी लिंबाच्या सावलीत ठेवली. थंडगार, गच्च सावली होती, हे मी आजही शपथेवर सांगतो. मग मगर आली. मगरीनंतर दरवाज्याचं भोक आलं. पाव्हणे तोंडात बोट घालून बसले, सुदामनं दुसरा चहा फुकट दिला. गोष्ट रंगत गेली आणि सावली सरकत गेली.

पिशवी हाताला लागली तेव्हा अंगाला चटका बसला. आत पाचशेच्या पाचशे, पोट वर करून, भिजवलेल्या चुरमुऱ्यासारखे तरंगत होते.

टेम्पो आला. मी बसलो नाही. पिशवी बगलेत मारून धरणाच्या काठानं चालत निघालो. परत केंद्रावर जावं, तर त्या फेरीचं बीज संपलेलं, पुढची पाळी आखाडात. वैनीपाशी आखाडापर्यंत वेळ आहे की नाही हे डॉक्टरही सांगायला तयार नव्हता. आणि डाव्या हाताला ते पाणी. उन्हाळ्यात धरण मागं हटतं तेव्हा काठाला घोट्याएवढं उथळ पाणी राहतं, आणि त्या उबेला चिलापीची पिल्लं ढगासारखी जमतात.

मेलेलं बीज काठावर ओतून मी पिशवीत धरणाचं पाणी घेतलं, डोक्याचा पंचा सोडला, पाण्यात पसरला आणि उचलला. पाव तासात सहाशे पिल्लं. एक हिसका नाही, एक झटापट नाही. पंचा पसरला की आपण होऊन येत होती. माणूस काही मागतो तेव्हा पाणी थोडी तरी खळखळ करतं. त्या दिवशी धरणानं मला इतक्या सुखानं दिलं, की मला ते आवडलं नाही.

घरी पोचल्यावर मी पिशवी फडक्यातून गाळली. धरणाचं पाणी शेणखतावर ओतलं आणि नुसती पिल्लं हौदात सोडली. थेंब नको म्हणाली होती ना? थेंब गेला नाही. भंडाऱ्याचा निदान अर्धा शब्द पाळावा, असा माझा हिशोब होता.

वैनी काठी टेकत हौदाशी आली.

"केंद्रातलंच ना?"

आता खोटं बोलायचं तर उघडं-नागडं बोलू नये, त्यावर खऱ्याचं पांघरूण घालावं, हा माझा जन्माचा शिरस्ता. म्हटलं, "केंद्रातलंच. आणि गंमत ऐका वैनी, ह्यात मादी औषधाला न्हाई. सगळे नर करून देतात तिथं. पिल्लं होणारच न्हाईत."

"बाईमाणसाशिवाय राहायचे?"

"सुखात राहतील."

"सुखात राहिले तर तुमच्या पाठीवर चाबूक ओढीन," आतून कौसा म्हणाली, आणि वैनी हसली. कित्येक महिन्यांनी हसली. हसता हसता खोकली, खोकता खोकता खाली बसली. त्या हसण्यासाठी मी आणखी सहाशे थापा मारल्या असत्या.

हळूहळू हौद वैनीचाच झाला. सकाळ-संध्याकाळ ती कळशी बुडवायची, डोक्याएवढी उचलायची आणि पाणी वरून सोडायची, म्हणजे पाण्यात हवा जाते. पहिल्या आठवड्यात अर्धी कळशी, मग पाऊण, मग भरून. कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड कालवून लाडू टाकायची. टाकताना जिभेनं 'च्यक् च्यक्' करायची. खंडू होडीतून उतरताना कुत्र्याला तसं बोलवायचा. मासे त्या आवाजाला वर यायचे.

पण मी एकटा जायचो तेव्हा वेगळंच दिसायचं. हौद चौकोनी, चार भिंती. आणि सगळे मासे एकाच भिंतीकडं तोंड करून उभे. हलायचे नाहीत, नुसते कल्ले हलायचे. ती भिंत धरणाच्या अंगाची. मी काठीनं पाणी ढवळायचो, ते पांगायचे. मी पाठ फिरवून, तंबाखू मळून परत बघायचो, तर पुन्हा सगळी तोंडं तिकडं.

"सकाळचं ऊन त्या भिंतीवर पडतं, म्हणून जातात," कौसा म्हणाली.

"मग संध्याकाळी?"

"संध्याकाळी भिंत तापलेली असते. मगरीवर बसणाऱ्याला चिलापीची भीती वाटायला लागली काय?"

मी तो विषय पुन्हा काढला नाही.

आखाडात पहिला मासा काढला. वैनीनं स्वतः साफ केला, लसूण-चिंच लावून कालवण केलं. पहिला घास तोंडात घालून ती थांबली. मी दाराच्या चौकटीला धरून उभा.

"माती लागते जराशी," ती म्हणाली.

"नव्या हौदाची असंल."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग खाली बघून काटा न् काटा चोखून खाल्ला. तेरा वर्षांचं खाल्लं.

"तुम्ही बसा की, भावजी."

"मला अलीकडं काट्याचा त्रास होतो," मी म्हणालो. त्या हौदातला मासा माझ्या घशाखाली उतरणार नव्हता. हॉटेलात 'असेल' म्हणता आलं होतं, इथं कोण वेटर होता?

दर दोन दिवसांआड एक मासा. बांगडी कोपराखाली आली, मग आणखी खाली. आखाड संपता संपता मनगटावर येऊन थांबली. डॉक्टरनं काटा दोनदा बघितला, "अडतीस!" आणि मला विचारलं काय खायला घालता. मी म्हटलं, मगर. मग श्रावण लागला. श्रावणात आमच्याकडं मासळी नाही. महिनाभर हौदात जाळी पडली नाही आणि त्या निवांतपणात व्हायचं ते झालं.

गणपती बोळवले. पितृपंधरवडा लागला. खंडूची तिथ दोन दिवसांवर आली होती. दर वर्षी त्या तिथीला वैनी घराच्या पायरीवर बसायची आणि एकच वाक्य बोलायची, कुणाकडं न बघता: "तिकडं गेलेच कशाला ते?" कारण खंडू बुडाला तो जुन्या शेलवणात, पाटलाच्या विहिरीवर. धरणात गाव बुडालं तेव्हा ती विहीर आणि भोवतीच्या बाभळी उभ्याच्या उभ्या बुडाल्या. तिथं जाळं टाकलं की बाभळीत अडकतंच. शेलवणचा कुठलाही भोई तिकडं होडी नेत नाही. खंडूसारखा शहाणा माणूस तर नाहीच नाही. त्याचं जाळं अडकलं, ते सोडवायला तो खाली गेला आणि वर आला नाही. दूरच्या होडीतल्यांनी बघितलं. का गेला ते कुणालाच सांगता आलं नाही. वैनी विचारायची तेव्हा मी तंबाखू शोधायला लागायचो.

त्या सकाळी मी परडी घेऊन हौदाशी गेलो. मासे वर आले, कोंड्यावर तुटून पडले. एक आली नाही. बाजूला उभी, तोंड गच्च मिटलेलं, घसा फुगलेला.

 भोयाच्या पोराला हे ओळखायला चष्मा लागत नाही. चिलापी पिल्लं तोंडात वागवते. मीच म्हणालो होतो, मादी औषधाला नाही.

कुणी यायच्या आत तिला काढावी म्हणून मी बाही वर सारली. हात घातला, निसटली. परत घातला, छातीपर्यंत भिजलो, पण धरली. बाहेर काढून पाटीतल्या पाण्यात टाकली. तिनं तोंड उघडलं आणि पिल्लांचा धूर सोडल्यासारखी पाटी भरून गेली.

"काय करताय, भावजी?"

वैनी मागं उभी होती. काठी नव्हती आता तिच्या हातात. कळशी होती.

"आजारी आहे. घसा सुजलाय. टाकून देतो."

ती वाकली. पाटीत बोट घातलं. बोटाच्या सावलीला भिऊन सगळी पिल्लं एका दमात आईच्या तोंडात शिरली. तोंड मिटलं.

"मादी आहे," वैनी म्हणाली.

"केंद्रातल्या माणसाच्या मोजणीत एखादी सुटली असंल. सरकारी काम."

तिनं हौदात बघितलं. कोपऱ्यात आणखी एक ढग हलत होता. पलीकडं दुसरा. मी इतके दिवस भिंतीकडं तोंड केलेले मासे बघत होतो, हे बघितलंच नव्हतं.

"एखादी?"

मी भिजलेली बाही खाली ओढायला लागलो. 

"भावजी, भंडारा उचलला होता तुम्ही."

मग मी सांगितलं. टपरी, मगर, सावली, पंचा, फडकं. पंच्याऐवजी जाळं म्हणालो असतो तर जरा बरं दिसलं असतं, पण तेही केलं नाही. जसं झालं तसं सांगितलं. ती कळशी खाली ठेवून हौदाच्या कडेवर बसली आणि मनगटातली बांगडी फिरवत राहिली. फिरत नव्हती, घट्ट बसली होती.

"म्हणजे आखाडभर मी धरण खाल्लं."

"वैनी, तुम्ही मेला असता."

"ते मी विचारलं न्हाई."  मग कुणाकडं न बघता, पायरीवर बसल्यासारखी, ती म्हणाली, "तिकडं गेलेच कशाला ते?"

माझा हात तंबाखूच्या बटव्याकडं गेला. आणि पाटीतली ती चिलापी दिसली. तोंड मिटून, घसा फुगवून उभी.

"माझ्यामुळं," मी म्हणालो.

तिची बांगडी फिरवणारी बोटं थांबली.

"आदल्या दिवशी चावडीपुढं मी गोष्ट सांगितली होती. पाटलाच्या विहिरीवर कटला मासा बघितला, होडीएवढा, ओठात पितळेची कडी. लोक हसले. खंडूदादा मागं उभा होता. तो हसला न्हाई. मला घरी येऊन परत विचारलं, 'खरंच बघितलास?' आणि मी म्हटलं..." मी बटव्यावरचा हात काढला. "मी म्हटलं, डोळ्यानं. वैनी, तिथं काही नव्हतं. मी त्या बाजूला गेलोच नव्हतो."

कोंबडी परडीतला कोंडा टोचत होती. मी तिला हाकलली नाही.

"मला ठाऊक आहे," वैनी म्हणाली.

"काय?"

"जाताना सांगून गेले. जाळं खांद्यावर घेतलं आणि दारात म्हणाले, 'सगळं गाव भिवाला खोटा म्हणतं. आज त्या कटल्याला आणून चावडीपुढं आपटतो. मग हसा म्हणावं माझ्या भावाला.'"

मी हौदाची कड धरली. तेरा वर्षं मी समजत होतो, की खंडू माशाच्या लोभानं गेला.

"ठाऊक होतं, तर दर वर्षी विचारायचा कशाला?"

"तुमचं तोंड कधी उघडतंय ते बघत होते." तिनं पाटी उचलली आणि अलगद हौदात वाकडी केली. चिलापी निसटून आत गेली. "तोंडात पोरं असली की ही दाणा घेत न्हाई, भावजी. तोंड मिटून उपाशी राहते. पंधरा दिवस. मी तेरा वर्षं राहिले."

मग ती उठली, जाळी घेतली आणि दोन मासे काढले. मी म्हटलं, "वैनी, ते धरणाचे..."

"कळलं मला. आजवर जे अंगाला लागलं ते कुणाचं होतं? तेरा वर्षांनी घरधन्यानं खायला घातलं म्हणायचं. रुसून कोण परत आलंय." तिनं मासे परडीत टाकले. "तुम्ही ह्या हौदातला एकदाही खाल्ला न्हाईत. का, ते आज कळलं. हातपाय धुऊन या. आज काट्याचा त्रास होणार न्हाई तुम्हाला."

 आतून सगळं ऐकलेल्या कौसानं तीन ताटं मांडली आणि खंडूच्या नावाचं एक पान पायरीवर ठेवलं. वैनीनं डोक्याकडचा तुकडा माझ्या ताटात घातला. मी भाकरी मोडली, कालवणात बुडवली, हात तोंडापाशी येऊन थांबला. दोघी बघत होत्या. पायरीवरचं पानही बघत होतं, असं मी म्हटलं तर तुम्ही म्हणाल, भिवानं पाणी सोडलं. मी खाल्लं. माती लागत होती जराशी. ती नव्या हौदाची नव्हती. ती आमच्या जुन्या शेलवणची होती, आमच्या अंगणाची, जिथं मी आणि खंडू गोट्या खेळलो.

मी डोळे पुसले तेव्हा वैनी म्हणाली, "आता ती गोष्ट सांगा."

"कुठली?"

"कटल्याची. त्यांना सांगितलीत तशी. एक शब्द गाळायचा न्हाई."

"वैनी, ती थाप होती."

"म्हणून तर. ज्यासाठी माझा माणूस गेला, ते मला एकदा ऐकू दे."

आयुष्यभर मी गोष्टींना कधी घाबरलो नव्हतो. त्या दिवशी घाबरत सांगायला लागलो. पहिली दोन वाक्यं अडखळली. मग विहीर आली, तिच्या काठच्या बाभळी आल्या, हिरवं पाणी आलं, आणि खालून तो वर येऊ लागला. मला दिसत होता. वैनीचा घास हातात राहिला. कौसाही वाढायची थांबली. कालवण गार झालं. तो वर आला, ओठातली कडी उन्हात चमकली, त्यानं माझ्याकडं बघितलं आणि तो खाली गेला. गोष्ट संपली.

 पायरीवर एक कावळा येऊन, पानावरचा मासा उचलून गेलासुद्धा. आम्हाला पंखांचा आवाज आला तेवढाच.

"भावजी," वैनी म्हणाली, आणि तिनं तो हातातला घास तोंडात घातला. "असं सांगितलंत, तर मीही गेले असते."

त्यानंतर वैनी अकरा वर्षं जगली. बांगड्या हातात ठेवूनच गेली. शेवटच्या आठवड्यापर्यंत कळशी उचलत होती. हौद अजून आहे. आता कळशी मी उचलतो, अर्धीच उचलवते. चिलापी पिल्लं काढतात, वाढतात, आम्ही खातो. सकाळी गेलो की सगळे त्या भिंतीकडं तोंड करून उभे असतात. मी आता ढवळत नाही. मीही जरा वेळ तिकडं तोंड करून उभा राहतो.

गोष्टी सांगणं सुटलं नाही. मगर अजून चालते, भोकही चालतं. फाट्यावर जातो, सुदामचा मुलगा चहा देतो. तुम्ही आलात तर हव्या तेवढ्या सांगेन. कटल्याची तेवढी मागू नका. ती मी तिसऱ्यांदा कुणाला सांगितलेली नाही, आणि तुम्हाला तर नाहीच सांगणार. इथवर ऐकत बसलात, म्हणजे तुम्ही विश्वास ठेवणाऱ्यांतले दिसता.